मदत हवी आहे: भाड्याने द्यायच्या फ्लॅटमध्ये शॉवरच्या भिंतींना काय लावावं? पीव्हीसी पॅनल, टाइलवर टाइल, की सगळं फोडून नवीन?

घरमालक_कोथरूड

पुण्यात कोथरूडला २००४ सालच्या इमारतीत वन बीएचके आहे, भाड्याने दिलेला असतो. बाथरूम ५ बाय ७ फूट. शॉवर ५ फुटी भिंतीवर आहे, त्या भिंतीपलीकडे बेडरूम. भिंत ४ इंची विटांची. टाइल्स ८ बाय १२ इंची साध्या सिरॅमिक, ७ फुटांपर्यंत, सांधे व्हाइट सिमेंटचे.

बेडरूमच्या बाजूला स्कर्टिंगपासून साधारण दीड फुटापर्यंत रंगाचे पोपडे निघतायत, पांढरे क्षार फुटलेत. खालच्या मजल्याची तक्रार नाही.

आत्ताचे भाडेकरू महिनाअखेरीस जातील, नवे त्यानंतर १५ दिवसांनी येतील. एक मिस्त्री म्हणतो पीव्हीसी पॅनल मारू, एका दिवसात काम होईल. दुसरा म्हणतो आहे त्यावरच नवीन टाइल चिकटवू. तिसरा म्हणतो सगळं फोडा. जास्त टिकाऊ आणि भाडेकरूंच्या वापराला पुरून उरेल असं काय?

ओळंबा

मटेरियल नंतर. आधी पाणी कुठून येतंय ते ठरवा, नाहीतर पॅनल लावा की संगमरवर, पोपडे पुढच्या पावसाआधी परत येतील.

ओल स्कर्टिंगजवळच असेल तर पहिला संशय जमीन आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर. मिक्सरच्या उंचीला, म्हणजे तीन-साडेतीन फुटांवर गोल डाग असता तर पाइप किंवा फ्लॅंजमागचं (नळाच्या मुळाशी भिंतीवर बसते त्या गोल चकतीमागचं) भोक म्हटलं असतं. पण पाणी भिंतीतून खाली उतरतं, त्यामुळे खालच्या डागावरून पाइप निर्दोष ठरत नाही.

तीन गोष्टी बघून सांगा.
१. आतले पाइप जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) आहेत की सीपीव्हीसी (गरम पाणीही सोसणारे प्लास्टिकचे)?
२. नाण्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने प्रत्येक टाइल वाजवा. पोकळ आवाज येणाऱ्या टाइलवर खडूने फुली मारा आणि फोटो काढा.
३. चार दिवस शॉवर बंद, बादलीने अंघोळ आणि तीही शॉवरच्या भिंतीपासून लांब. तेवढ्यात भिंत वाळणार नाही, पण बेडरूमच्या बाजूला चारी कडांनी टेप लावून फूटभर प्लास्टिक चिकटवा. रोज प्लास्टिकच्या आत किती थेंब जमतात ते बघा. शॉवर बंद असूनही थेंब तेवढेच राहिले तर पाइप.

थापी_आणि_रंधा

पॅनलवाल्या मिस्त्रीला नम्रपणे चहा पाजून परत पाठवा.

बाजारात मिळतं ते बहुतेक १० इंच रुंद, १० फूट लांब, आतून पोकळ पीव्हीसी. एकमेकांत खाचेत बसतं आणि मागे पट्ट्या मारून स्क्रूने लावतात. पॅनल स्वतः पाण्याने खराब होत नाही, हे खरं. पण खाचेतून आणि खालच्या कापलेल्या कडेतून पाणी मागे जातं, आणि मागच्या पट्ट्यांच्या पोकळीत ते कधीच वाळत नाही. बुरशी, वास, आणि झुरळांना वातानुकूलित वसाहत. शिवाय तुमची भिंत आत्ताच ओली आहे, तिला झाकण घातल्यासारखं होईल.

दुसरा प्रकार ३ मिलिमीटरचे संगमरवरी छापाचे शीट, ८ बाय ४ फूट, चिकटवून लावतात. हे पोकळ नसल्याने बरं. पण तुमची भिंत ५ फूट आहे, शीट ४ फूट. म्हणजे ऐन शॉवरखाली एक उभा सांधा येणार आणि सगळी भिस्त त्या सिलिकॉनवर. अशी शीट कोरड्या, सपाट भिंतीवर बेसिनमागे लावा, शॉवरमध्ये नको. पोकळ पॅनलची जागा छताला, पोटमाळ्याखाली.

जिप्सम बोर्ड, प्लायवुड (मरीन म्हणून विकलेलंसुद्धा), चिकटवायचे विनाइल स्टिकर यांचा विचारही नको.

चौकोनी_टाइल

टाइलवर टाइल मात्र उडवून लावण्यासारखा पर्याय नाही. फोडाफोड नाही, राडारोडा नाही, सोसायटीची कटकट कमी. अटी अशा: जुन्या टाइलपैकी दहातली एखादीच पोकळ असावी, पृष्ठभाग ग्राइंडरने खरवडून साबणाचा थर पूर्ण काढावा, ग्लेझ्ड टाइलसाठी असलेला प्रायमर, आणि पिशवीवर आयएस १५४७७ (टाइल ॲडहेसिव्हचं भारतीय मानक) व टाइलवर टाइलसाठी चालतं असं छापलेलं ॲडहेसिव्ह. साध्या सिमेंटने जुन्या ग्लेझवर नवी टाइल धरणारच नाही.

जाडी १२ मिलिमीटरच्या आसपास वाढते. भिंतीवरचा मिक्सर असेल तर एक्स्टेन्शन निपल (पाइप लांबवणारा छोटा जोड) लावून भागतं. भिंतीत पुरलेला डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे की नळाकडे ते वळवणारा व्हॉल्व्ह) असेल तर आधी त्याची खोली मोजा, नाहीतर काम झाल्यावर वरची प्लेट बसत नाही.

घरमालक_कोथरूड

धन्यवाद. पाहून आलो. पाइप जीआय, इमारतीबरोबरचेच. शॉवरच्या भिंतीच्या खालच्या दोन ओळी जवळजवळ सगळ्या पोकळ, मिक्सरभोवतीच्या चार टाइलही पोकळ. बाकी ठीक. चार दिवसांच्या प्लास्टिकमध्ये थेंब कमी झाले, बंद नाही झाले.

ओळंबा

मग उत्तर मिळालं. वीस वर्षांचा भिंतीतला जीआय पाइप आतून गंजलेला असतो, एल्बोच्या (वळणाच्या जोडाच्या) आट्यांत सगळ्यात आधी. थेंब कमी झाले म्हणजे कोपरा झिरपतोय, बंद झाले नाहीत म्हणजे भिंतीतली जुनी ओल किंवा पाइपही. त्या पाइपवर नवीन टाइल चिकटवली तर दोन वर्षांनी दोन थर फोडावे लागतील. @चौकोनी_टाइल, पाइप सीपीव्हीसी असता तर मीही तुमच्याच बाजूने होतो.

पूर्ण बाथरूम फोडायची गरज नाही. शॉवरची ५ फुटी भिंत आणि दोन्ही बाजूंचे ३-३ फूट, एवढं पुरे. ११ फूट लांबी गुणिले ७ फूट उंची, ७७ चौरस फूट, म्हणजे ७ चौरस मीटरच्या थोडं वर.

क्रम असा:

टाइल आणि मागचा जुना माल विटेपर्यंत काढा. जमिनीची भिंतीलगतची एक ओळही काढा, पण ग्राइंडरने सांध्यात काप घेऊन, म्हणजे शेजारच्या लाद्या तडकत नाहीत आणि खालचा कोबा (लाद्यांखालचा काँक्रीटचा थर) फुटत नाही. कोबा हाताने उकरला जाईल इतका सैल किंवा चिंब निघाला तर मात्र पूर्ण जमीन करावी लागेल, ती शक्यता धरून चला.

सीपीव्हीसी टाका, गरम पाण्याची लाइनसुद्धा. प्लास्टर करण्याआधी प्लंबरच्या हातपंपाने ७ किलोपर्यंत प्रेशर देऊन रात्रभर ठेवा. सकाळी काटा हललेला असेल तर प्लास्टर नाही.

प्लास्टर १:४ (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), जाडी १२ ते १५ मिलिमीटर, सिमेंटच्या ५० किलोच्या पिशवीला २०० मिलिलिटर वॉटरप्रूफिंग लिक्विड. हे लिक्विड घातलं म्हणून भिंत वॉटरप्रूफ झाली असं समजू नका, तो नुसता मदतनीस. कोपऱ्यात जमीन आणि भिंतीच्या मध्ये वाटा मारून घ्या, म्हणजे मालाने कोपरा गोलसर करा. वाटा नसेल तर कोटिंग काटकोनात ताणलं जातं आणि तिथेच फाटतं.

आता खरा जलरोधक थर: पावडर आणि लिक्विड असं दोन भागांचं पॉलिमर-सिमेंट कोटिंग. प्लास्टर ओलसर करा, पण वर पाणी चमकत नको. पहिला हात आडवा, तो वाळला की दुसरा उभा. कोपऱ्यांत आणि वाट्यावर पहिल्या ओल्या हातातच फायबरग्लास जाळीची पट्टी बसवा. जमिनीवर ६ इंच पुढे न्या, पाइप बाहेर येतात तिथे गोल फिरवून घ्या. दोन हातांना चौरस मीटरला साधारण दीड किलो लागतं. भिंतीला ११ किलो, जमिनीची पट्टी धरून १३-१४. गवंडी लिक्विड वाचवायला पाणी घालून पातळ करतात. दुपारी चहाला उठलात तरी डबा नजरेआड होऊ देऊ नका.

टाइलपेक्षा भिंत वाचवतो तो हा थर. टाइल फक्त त्याला ओरखड्यांपासून जपते.

चौकोनी_टाइल

पाइप जीआय म्हटल्यावर माझा टाइलवर टाइल मागे.

टाइल कोणती याबद्दल: भिंतीसाठी ३०० बाय ६०० मिलिमीटरची सिरॅमिक घ्या. दुकानदार सांगेल की सिरॅमिक दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते आणि विट्रीफाइड अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणून विट्रीफाइड घ्या. आकडे बरोबर, निष्कर्ष चुकीचा. सिरॅमिकचं ग्लेझ पाणी अडवतं, मागे कोटिंग आहेच, आणि सिरॅमिक हलकी व भोक पाडायला सोपी. विट्रीफाइडचे पैसे ग्राउटवर, म्हणजे सांध्यात भरायच्या मालावर घाला.

फिक्या रंगाची, साधी चकचकीत घ्या. बोअरचं पाणी असेल तर गडद टाइलवर आठवड्यात पांढरे ओघळ दिसतात.

दहा टक्के तुटफूट धरून ८५ चौरस फूट लागतील. शिवाय एक खोका जास्तीचा घेऊन माळ्यावर ठेवा, तो रंग दोन वर्षांनी मिळत नाही.

ॲडहेसिव्ह २० किलोच्या दोन पिशव्या, प्लास्टर वेडंवाकडं असेल तर तीन. दातेरी थापीने भिंतभर ओढून घ्यायचं. मधोमध मालाचा गोळा ठेवून टाइल दाबायची जी पद्धत आहे, तीच तुमच्या पोकळ आवाजाचं कारण. चारी कोपरे रिकामे राहतात, सांध्यातून आलेलं पाणी तिथे साचतं. मिस्त्रीने तिसरी टाइल लावली की लगेच काढायला सांगा आणि मागे बघा. पाठ पूर्ण भरलेली हवी. ॲडहेसिव्ह वापरताना टाइल पाण्यात भिजवायची नाही, सवयीने भिजवतात.

जमिनीची ओळ आधी, भिंतीची सगळ्यात खालची ओळ नंतर तिच्यावर, पण टेकवून नाही. मध्ये ३ ते ५ मिलिमीटर फट सोडा.

ग्राउटवाला

भाड्याच्या घरात इपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या रेझिनचं) ग्राउटच. बाथरूम ॲसिडने धुणाऱ्याला तुम्ही थांबवू शकत नाही. सिमेंटचं ग्राउट असो की व्हाइट सिमेंट, ॲसिड ते खातं आणि सांधा दरवेळी थोडा खोल होतो. इपॉक्सीला ते सहज होत नाही.

सांधा ३ मिलिमीटर, स्पेसर लावून. टाइलला टाइल चिकटवून 'जॉइंटलेस' करून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा, केसाएवढ्या फटीत ग्राउट शिरतच नाही.

तुमच्या मापाला दोन-सव्वादोन किलो पुरेल. एका वेळी अर्धा किलोच कालवा. उन्हाळ्यात पाऊण तासात घट्ट होतं. लगेच ओल्या स्पंजने पुसा. दुसऱ्या दिवशी राहिलेला धुरकट थर घासून जात नाही, टाइलच खराब होते.

आतले उभे कोपरे आणि जमिनीची फट यांत ग्राउट भरू नका. तिथे भिंती थोड्या हलतात, कडक माल तडकतो. सॅनिटरी, बुरशीरोधक, न्यूट्रल सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं नको, दाराची चौकट संगमरवरी असेल तर डाग पडतात. ६ मिलिमीटरच्या भरावाला ३०० मिलिलिटरची नळी ८ मीटर जाते. तुमचे दोन उभे कोपरे १४ फूट आणि खालची कड ११ फूट, साडेसात मीटरच्या आसपास. नळ्या दोन आणा.

घरमालक_कोथरूड

खूप उपयोगी. पण हे सगळं १५ दिवसांत बसेल का? मिस्त्री म्हणतो प्लास्टरवर दुसऱ्या दिवशी कोटिंग मारतो.

ओळंबा

नाही बसणार. फोडणं एक दिवस, पाइप आणि टेस्ट एक, प्लास्टर एक, प्लास्टरला सात दिवस पाणी. मग कोटिंग दोन हात आणि तीन दिवस वाळवण. टाइल दोन दिवस, एक दिवस थांबून ग्राउट, एक दिवसाने सिलिकॉन, चोवीस तास पाणी नाही. वीस-एकवीस दिवस धरा. ताजं प्लास्टर आकसतं, त्यावर दुसऱ्या दिवशी मारलेलं कोटिंग त्याच्याबरोबर तडकतं आणि वर टाइल लागल्यावर ते दिसतही नाही. नव्या भाडेकरूंना आठवडाभर उशिरा बोलवा किंवा त्या आठवड्याचं भाडं सोडा. परत फोडण्यापेक्षा स्वस्त.

बेडरूमची बाजू एवढ्यात रंगवू नका. पोपडे खरवडा, क्षार कोरड्या ब्रशने झाडा आणि भिंत उघडी ठेवा. डॅम्पप्रूफ रंग मारलात तर आतली ओल कोंडून वर सरकेल. वर सांगितलेली प्लास्टिकची चाचणी चोवीस तासांत कोरडी निघाली की मगच पुट्टी. ४ इंची भिंतीलाही त्याला काही आठवडे लागतात. भाडेकरूंना तसं सांगून ठेवा.

चावी_आणि_करार

दोन गोष्टी राहिल्या. भाडेकरू साबणदाणी, रॅक, हुक यांसाठी भोकं पाडतातच आणि ड्रिल थेट कोटिंगमधून जातं. तुम्हीच आधी स्टीलचा कोपरा रॅक आणि चार हुक बसवून द्या. भोकात आधी सिलिकॉन, मग प्लग, मग स्क्रू. शॉवरच्या तीन भिंतींवर नवीन भोक पाडायचं नाही, हे लिव्ह अँड लायसन्सच्या करारात एका ओळीत लिहा आणि ताबा देताना भिंतींचे फोटो जोडा.

दुसरं, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाथरूमच्या आतल्या गळतीचा खर्च सदस्याचा असतो, बाहेरच्या पाइपचा सोसायटीचा. तरी काम सुरू करण्याआधी सोसायटीला पत्र द्या, आणि खालच्या घरी जाऊन त्यांच्या बाथरूमच्या छताचे फोटो काढून ठेवा. हातोडा पडला की तिथल्या जुन्या डागांचंही खापर तुमच्यावर फुटतं.

घरमालक_कोथरूड

पाच तारखेपासून फोडायला सुरुवात. कोबा कसा निघतो ते इथेच टाकतो, त्यावरून जमिनीचं ठरवू.

ओळंबा

फोडल्यावर जमिनीच्या कडेचा फोटो टाका, कोबा ओला की कोरडा ते त्यात दिसतं. आणि पहिल्या घावाआधी नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या) तोंडात गोणपाट कोंबा. आत पडलेला टाइलचा तुकडा बाहेर काढायचा म्हणजे जमीन फोडणं आलं.