दुब्रोवनिक: मुक्काम तटाच्या आत की बाहेर?

तटवेडा
क्रोएशियातलं दुब्रोवनिक म्हणजे भूमध्य समुद्राच्या एड्रियाटिक फाट्यावरचं तटबंदीचं बंदर. क्रूझने येणारी आपली मंडळी सकाळी पिले दरवाजातून आत शिरतात, स्त्रादुन या मुख्य रस्त्यावर फोटो काढतात आणि दुपारी ग्रुझ बंदरात बोटीवर परत. माझं ठाम मत आहे की निदान दोन रात्री तटाच्या आत राहायलाच हवं.

तट 1,940 मीटर लांब आहे आणि वरची वाट एकेरी. उन्हाळ्यात दहानंतर पुढच्याच्या पाठीकडे बघत चालावं लागतं. सकाळी दार उघडताच चढलात तर खालची कौलं निवांत बघता येतात. काही जुनी, उन्हाने विटलेली. बरीचशी नवी, भडक केशरी. युगोस्लाव्ह सैन्याच्या 1991-92 च्या वेढ्यात जुन्या शहरातल्या 824 पैकी 563 इमारतींना तोफगोळे लागले. सर्वांत भीषण मारा 6 डिसेंबर 1991 चा. नवी कौलं त्यानंतरची. हे गर्दीत ढकलले जात असताना कळत नाही.

पश्चिमेचा लोव्रियेनात्स किल्लाही पाहाच. समुद्राकडची भिंत काही ठिकाणी 12 मीटर जाड, शहराकडची जेमतेम 60 सेंटीमीटर! उद्या किल्लेदारच फितूर झाला, तर शहराला ती भिंत फोडता यावी म्हणून. किल्ले बघणाऱ्या मराठी माणसाने यासाठी तरी वेळ काढावा.

सागरवाट
किल्ल्याबद्दल शंभर टक्के सहमत, मुक्कामाबद्दल अजिबात नाही. 1991 मध्ये तटाच्या आत सुमारे 5,000 माणसं राहत होती, आज दीड हजारच्या आसपास. बाकीच्यांची घरं गेली कुठे? तुमच्या-माझ्यासारख्यांना रात्रीच्या भाड्याने! वाणसामानाची दुकानं जाऊन आठवणवस्तूंची आली. रात्री अकराला दगडी पायऱ्यांवरून चाकांच्या बॅगा खडखडत नेणारे पाहुणे आणि वरच्या मजल्यावर झोपू पाहणारी म्हातारी माणसं, हे मी पाहिलंय. तटाबाहेरच्या लापाद भागात राहा, तिथे शहरवासीयांची खरी वस्ती आहे. 6 नंबरची बस थेट पिले दरवाजाशी सोडते.

तटवेडा
पण घाव दिवसाच्या गर्दीचा जास्त आहे. 2019 मध्ये शहराने क्रूझ जहाजांवर मर्यादा घातली: एका वेळी दोनच, आणि प्रवासी साधारण 4,000. ती खोल्यांमुळे नाही घातली. बोटीचा प्रवासी बोटीवरच जेवतो. रात्री राहणारा तिथल्या खानावळीत जेवतो, सकाळी गुंदुलिच चौकातल्या बाजारातून अंजीर घेतो. घरमालक त्याच घरात राहत असेल अशी खोली शोधून घ्या, पैसे त्या कुटुंबाकडेच जातात.

सागरवाट
अशा खोल्या थोड्या आणि मागणी अफाट. भाडं वाढत गेलं की उरलेलं कुटुंबही घर रिकामं करून लापादला जातं. तुमचा हेतू चांगला आहे, पण परिणाम तोच होतो.

आईसोबत
दोघांनाही माझा विरोध. सत्तरीच्या आईला घेऊन गेले होते. आत वाहनं नाहीत, स्त्रादुन सपाट पण दोन्ही बाजूंच्या गल्ल्या म्हणजे पायऱ्याच पायऱ्या. आतली खोली आम्हाला झेपलीच नसती आणि बसची गर्दीही नकोशी. क्रूझमुळेच तिला हे शहर दिसलं. फ्रान्सिस्कन मठातलं औषधालय 1317 पासूनचं, ते तिने तासभर पाहिलं. दिवसभरासाठी येणाऱ्यांना हिणवू नका.

मांडवीकाठ
गोव्याहून जाणाऱ्यांसाठी एक भर. दुब्रोवनिकचा ग्रामदेव म्हणावा असा संत ब्लेझ, त्याच्याच नावाचं साव ब्रास चर्च जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला आहे. दुब्रोवनिकच्या, म्हणजे तेव्हाच्या रागुझाच्या व्यापाऱ्यांशी त्याचं नातं सांगितलं जातं. आणि प्लोचे दरवाजाबाहेरचे लाझारेती, म्हणजे विलगीकरणाच्या जुन्या इमारती, चुकवू नका. बाहेरून आलेल्यांना वेगळं ठेवण्याचा कायदा या शहराने 1377 मध्येच केला होता. तिथे तासभर तरी द्याच.

तटवेडा
@आईसोबत, हिणवायचं नव्हतं, आणि तुमचा मुद्दा रास्त आहे. ज्येष्ठांसाठी सर्ज डोंगरावर केबल कार जाते, वरून अख्खा तट आणि लोक्रुम बेट एका नजरेत येतं. बाकीच्यांनी दुब्रोवनिक पास घ्यावा, त्यात तट, संग्रहालयं आणि शहर बस असं सगळं येतं. मुक्कामाबद्दल मात्र माझं मत तेच.

सागरवाट
माझंही तेच. पास आहे, त्यात बस आहे, मग लापादहून पहाटेची बस पकडून दार उघडायच्या वेळी तटाशी पोचायला अडचण काय?