शरदात गोल्फच्या हिरवळीवर तारखा पाहून फवारावे का?

धागाकर्ता:
शरद ऋतू लागला की अनेक गोल्फ मैदानांवर, रोग दिसो वा न दिसो, ठरलेल्या तारखांना बुरशीनाशक फवारले जाते. ही प्रथा थांबवावी, असे माझे मत आहे. रात्री लांबल्याने दव पानांवर उशिरापर्यंत टिकते आणि डॉलर स्पॉट या गवतावर लहान गोल डाग पाडणाऱ्या रोगाच्या बुरशीला हाच ओलावा हवा असतो. म्हणून सकाळी दव झाडणे, नत्र कमी पडू न देणे आणि ग्रीनवर (भोकाभोवतीच्या आखूड कापलेल्या हिरवळीवर) सावली धरणाऱ्या फांद्या छाटणे ही कामे आधी व्हावीत. तापमान व आर्द्रतेच्या पाच दिवसांच्या सरासरीवरून डॉलर स्पॉटचा धोका वर्तवणारे स्मिथ-कर्न्स प्रारूप उपलब्ध असताना तारखांवर विसंबणे मला आळसाचे वाटते.

प्रतिसाद १:
‘आळस’ हा शब्द मला मान्य नाही. डॉलर स्पॉट उपाशी गवतावर वाढतो हे खरे, पण शरदाच्या अखेरीस नत्र दिले तर कोवळ्या पाल्यावर मायक्रोडोकियम पॅच हा थंड हवेतला बुरशीरोग बळावतो. त्याचा डाग थंडीत वाढ मंदावलेल्या गवताला भरून काढता येत नाही आणि ग्रीन वसंतापर्यंत विद्रूप राहते. तेव्हा डाग दिसल्यावर फवारणे म्हणजे वरातीमागून घोडे. हरळीवरच्या स्प्रिंग डेड स्पॉट (मेलेल्या गवताचे डाग पाडणारा रोग) याचे काय? त्याची बुरशी शरदात मुळे पोखरते आणि लक्षणे दिसतात वसंतात!

प्रतिसाद २:
प्रतिबंधक फवारणी हवीच, परंतु एकाच गटातील औषध पुन्हा पुन्हा वापरल्याने बुरशीत प्रतिकारशक्ती येते, हे वरच्या प्रतिसादात सुटले आहे. हाताशी असलेली औषधेही घटत आहेत: युरोपीय संघाने २०१७ साली आयप्रोडिऑनच्या आणि २०१९ साली क्लोरोथॅलोनिलच्या मान्यतेचे नूतनीकरण नाकारले. तेथील मैदानांवर मायक्रोडोकियमसाठी फेरस सल्फेट या लोहक्षाराचा आधार घेतला जातो. त्याने गवत काळपट होते, पण रोग दबतो.

धागाकर्ता:
नत्राबाबतचा आक्षेप योग्य आहे. ‘शरदाच्या सुरुवातीस, बेताने’ असे मी लिहायला हवे होते. स्प्रिंग डेड स्पॉटसाठीही शरदातच फवारावे लागते, हे मान्य. मात्र ती वेळ तारखेने नव्हे, तर मातीचे तापमान सुमारे २१ अंश सेल्सिअसखाली उतरू लागल्यावर ठरवावी. हे डाग बहुधा वर्षानुवर्षे त्याच जागी उमटतात. वसंतात त्यांचा नकाशा काढून ठेवला, तर सबंध फेअरवे (ग्रीनकडे जाणारा गवताचा लांब पट्टा) भिजवण्याची गरज उरत नाही.

प्रतिसाद १:
नकाशाची सूचना फेअरवेसाठी पटते. मायक्रोडोकियमचा इतिहास असलेल्या ग्रीनवर मात्र मी डागाची वाट पाहणार नाही.