एमजीबी १९६६ : पुढच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल गळतंय, स्लोवर (रेस न देता) गाडी थरथरते

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. गाडी १९६६ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार, मामांकडून माझ्याकडे आलेली. १७९८ सीसी, दोन एसयू एचएस-४ कार्बोरेटर, डायनॅमो, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला), सगळं मूळचंच ठेवलंय. पावसाळाभर झाकून होती. दिवाळीला बाहेर काढली आणि दोन त्रास मागे लागले.

पहिला म्हणजे, चावी ऑन केली की थोड्या वेळाने पुढच्या कार्बच्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल टपकायला लागतं. मागच्या उजव्या चाकाजवळचा इलेक्ट्रिक पंप टकटक करत राहतो, गप्प बसतच नाही. पार्किंगमध्ये वास सुटतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या नावाने मेसेज पडतात.

दुसरा त्रास स्लोचा. इंजिन मिसिंग मारतं, अख्खी गाडी थरथरते. नाशिकच्या द्वारका चौकात अडकलो की हमखास बंद पडते आणि मागून हॉर्न सुरू. रेस अडीच हजार आरपीएमच्या वर गेली की मात्र एकदम मोकळी. त्र्यंबक रोडला काही म्हणजे काही तक्रार नाही.

एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी दोन्ही जेटचे (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळ्यांचे) नट खालून फिरवले, ट्यूनिंगचे पैसे घेतले, गळती जिथल्या तिथे. वर सांगितलं की कार्ब बाद झालेत, इंग्लंडहून नवीन जोडी मागवा. जोडीची किंमत बघितली आहे, घरात अजून सांगितलेली नाही.

प्लग काढून बघितले. पुढचे दोन काजळीने काळेकुट्ट, मागचे दोन पांढरट. खरंच कार्ब गेलेत का?

हेराल्डवाला_पंचवटी
आधी पेट्रोलचे पाईप बघा दादा. आता सगळीकडे ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. जुन्या रबराला ते सोसत नाही. माझ्या हेराल्ड गाडीचा पाईप बाहेरून ठणठणीत होता, कापला तर आतून पापुद्रे सुटलेले. निफाडचा ऊस शेवटी आपल्याच टाकीत येतो, काय करणार!

टूलरूम_सातपूर
कार्ब बाद नाहीत. पैसे खिशात ठेव.

तुझ्या प्लगांनी सगळं सांगितलंय. या इंजिनाच्या हेडला इनटेकची तोंडं दोनच. पहिला-दुसरा सिलिंडर एका तोंडावर, तिसरा-चौथा दुसऱ्यावर. म्हणजे पुढचा कार्ब मुख्यतः १-२ ला पाजतो आणि मागचा ३-४ ला. पुढे काजळी, म्हणजे पेट्रोल जास्त. मागे पांढरं, म्हणजे हवा जास्त. आजार दोन आहेत आणि गॅरेजवाल्याने दोघांना एकच गोळी दिली.

आधी गळती. ती थांबेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही, हे अगदी बजावून सांगतो. या गाडीत कार्ब आणि एक्झॉस्ट दोन्ही डावीकडेच आहेत. ओव्हरफ्लोचं पेट्रोल तापलेल्या मॅनिफोल्डच्या शेजारून खाली उतरतं. सोसायटीवाले नुसत्या वासाबद्दल बोलतायत हे तुझं नशीब.

पंप थांबत नाही यातच उत्तर आहे. कार्बचा पेट्रोलचा चेंबर भरला की फ्लोट (तरंगणारा गोळा) वर येतो, निडल (पेट्रोल अडवणारा टोकदार व्हॉल्व्ह) तिच्या सीटवर बसते, पेट्रोल अडतं आणि पंप गप्प होतो. तुझी निडल बसत नाहीये. झाकणाचे तीन स्क्रू काढ आणि झाकण उचल. निडलचं टोक लेन्सखाली बघ. त्यावर झिजून गोल कडी पडली असेल तर निडल आणि सीट जोडीनेच बदल, टोकाला व्हायटन (पेट्रोल सोसणारं रबर) असलेली मिळाली तर उत्तम. फ्लोट कानाशी धरून हलव. आत पेट्रोल खुळखुळलं तर तो फ्लोट गेला.

मग झाकण उलटं धर, फ्लोटच्या वजनाने निडल बंद होऊ दे आणि झाकणाची कड व फ्लोटचा दांडा यांच्यामध्ये ड्रिल बिट आडवं घालून बघ. १/८ इंचाचं सरकलं पाहिजे, ३/१६ च्या वर फट नको. दांड्याला धातूची पट्टी असेल तर ती हलकेच वाकवता येते. अख्खा नायलॉनचा फ्लोट असेल तर सीटखाली वायसर (वॉशर) घालून जमव.

आता मागचा कार्ब. थ्रोटलचा शाफ्ट दोन बोटांत धरून वरखाली हलव. खडखडला तर चोर सापडला. स्लोवर बटरफ्लाय (शाफ्टवरची हवा अडवणारी चकती) जवळजवळ बंद असतं, मॅनिफोल्डमधली ओढ भरपूर असते आणि शाफ्टच्या कडेने हवा आत शिरते. तेवढ्याशा हवेने स्लो बिघडतो. अडीच हजाराला मुळात इतकी हवा जात असते की ती चोरटी हवा हिशेबातच येत नाही. म्हणून त्र्यंबक रोडला तुझी तक्रार नाही.

खात्री करायची तर गळती थांबल्यावर इंजिन चालू ठेवून शाफ्टच्या दोन्ही टोकांना ब्रशने इंजिन ऑइल लाव. स्लो बदलला की समजायचं. काही लोक कार्ब क्लीनरचा फवारा मारायला सांगतात, पण गरम एक्झॉस्टच्या डोक्यावर फवारा मला पसंत नाही.

अपर्णा_इंदिरानगर
काकांचं बरोबर आहे, पण जेटला हात लावण्याआधी पॉईंट (डिस्ट्रिब्युटरमधले कॉन्टॅक्ट) बघून घ्या. पॉईंट गॅप १५ थाऊ (हजारांश इंच), टॅपेटचा गॅपही १५ थाऊ, प्लगचा २५. कंडेन्सर कमजोर असला तरी स्लोवर अशीच मिसिंग येते आणि आपण कार्बला शिव्या घालत बसतो. आणि पॉझिटिव्ह अर्थ आहे हे बॅटरी जोडणाऱ्या प्रत्येकाला स्वतः सांगा. दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्या बघून इलेक्ट्रिशियन आधीच गोंधळतात.

गंगापूररोडकर
काका, झाकण उघडलं. निडल ठीक आहे, पण सीटच्या भोकात काळ्या रबराचा कण बसला होता, मोहरीच्या निम्मा. चेंबरच्या तळाशी तसलाच गाळ. हेराल्डवाल्या दादांनी सांगितलं म्हणून पंपापासून पुढचा रबरी पाईप कापला, आतून तो सोललेला निघाला. आता सगळे पाईप आर-९ छापलेले (इथेनॉल सोसणारे) घातलेत आणि कार्बच्या अलीकडे फिल्टर बसवलाय. चावी ऑन केली, पंप थोडा वाजला आणि गप्प. गळती बंद!

पॉईंटचा गॅप कमी होता, अपर्णाताई, तो लावला. स्लो किंचित सुधारला, पण थरथर आहेच. मागचा शाफ्ट चांगलाच खडखडतोय. ऑइल लावलं की इंजिन काही क्षण सुतासारखं सरळ चालतं आणि पुन्हा तेच रडगाणं. नवीन शाफ्ट मागवू का?

टूलरूम_सातपूर
नुसता शाफ्ट मागवू नकोस. शाफ्ट पितळी आहे, तो झिजतोच, पण इतक्या वर्षांत बॉडीचं भोकही लांबट होतं. अशा भोकात नवा शाफ्ट घातला तर थोडे दिवस बरं चालेल आणि परत खडखड. बॉडी सरळ रीम करून (भोक नेमक्या मापाला वाढवून) ब्राँझचे बुश बसवायचे, मग ५/१६ चा नवा शाफ्ट. ड्रिल मशीनवर अंदाजाने भोक पाडणाऱ्याकडे देऊ नकोस. दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत आली नाहीत तर बटरफ्लाय अडकतं आणि रेस सोडली तरी खाली येत नाही. कसारा घाटात असं झालं तर बघायलाच नको.

खोलताना बटरफ्लायवर वरची बाजू कुठली याची खूण कर. तिच्या कडा तिरप्या घासलेल्या असतात, उलटी बसली की पूर्ण बंद होत नाही. ती धरणारे दोन बारके स्क्रू मागून चिरलेले आणि फाकवलेले असतात. परत तेच वापरायचे नाहीत. नवे घ्यायचे आणि बसवल्यावर फाकवायचेच. त्यातला एक सुटला तर थेट सिलिंडरमध्ये जातो, आणि मग गॅरेजवाल्याचं एस्टिमेट खरं ठरतं.

बसवून झाल्यावर दोन्ही जेट ब्रिजच्या (कार्बच्या तोंडातल्या कट्ट्याच्या) पातळीला आण आणि नट दोन पूर्ण आटे, म्हणजे बारा फ्लॅट (नटाच्या सहा बाजू दोनदा), खाली उतरव. त्या गॅरेजवाल्याने काय केलंय ते विसरून इथूनच सुरुवात. डॅम्परमध्ये (कार्बच्या माथ्यावरच्या तेलाच्या नळीत) २० नंबरचं ऑइल. इंजिन गरम कर, एअर फिल्टर काढ, रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बच्या तोंडाशी. दोन्हीकडे सुस्काऱ्याचा आवाज सारखा येईपर्यंत स्लोचे स्क्रू जुळव. मग एकेका कार्बची पिस्टन उचलायची पिन जरा वर उचल, मिलिमीटरभरही नको. रेस वाढून तशीच राहिली तर पेट्रोल जास्त, इंजिन मरायला लागलं तर कमी. क्षणभर वाढून परत जागेवर आली की हात काढून घे. ई-२० वर हे मिश्रण थोडं कोरडं (पेट्रोल कमी) पडतं, तेव्हा एखादा फ्लॅट जास्त उतरवावा लागला तर घाबरू नकोस.

बुश मी करून देतो. रीमर आहे माझ्याकडे, लेथ शेजारच्या शेडमध्ये आहे. दोन्ही कार्ब सोडवून आण. पुढचाही बघतो, एकाच इंजिनावर सारखाच चाललाय तो. येताना जुने स्क्रू घेऊन ये, मापाला लागतील.

गंगापूररोडकर
शनिवारी येतो काका. मोटारसायकलवर आणू ना? पेट्रोल पूर्ण काढून, पिशवीत गुंडाळून?

टूलरूम_सातपूर
आण. कार्बचे पिस्टन मात्र अदलाबदल करू नकोस, ज्या कार्बचा त्यातच. पिस्टनखालच्या सुईला धक्का लागू देऊ नकोस.