मदत हवी आहे: साठीनंतर बारा बोअरची बंदूक की वीस?

टेक्सासमध्ये दर रविवारी हवेत फेकलेल्या तबकड्यांवर छर्‍यांच्या बंदुकीने नेमबाजी करतो, शिकार नाही. तिशीत २६ इंची नळीची बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक) आवडायची, झटकन फिरायची. पन्नाशीत ३० इंचीवर आलो, तबकडीमागे बंदूक फिरवताना झोका मध्येच अडत नाही म्हणून. आता वय ६३, उजवा खांदा कुरकुरतो. पन्नासेक बार झाले की गाल दस्त्यावरून (बंदुकीचा खांद्याला टेकणारा भाग) उचलला जातो नि छर्रे तबकडीच्या वरून जातात. २८ ग्रॅमऐवजी २४ ग्रॅम छर्‍यांची काडतुसं, जाड रबरी पॅड, दस्ता मापाचा करून घेणं, सगळं झालं. सेमी-ऑटोने (पुढचं काडतूस आपोआप भरणारी बंदूक) धक्का कमी बसतो, माहीत आहे. पण मला दुनळीच हवी (हट्ट म्हणा). वीस बोअर मुळात हलकी, मग तेवढ्याच छर्‍यांना धक्का उलट वाढणार ना? ३० इंची, जरा वजनदार वीस बोअर कुणी वापरली आहे का? खांद्याला खरंच फरक पडला?