गुण्या दुकानातच तपासा

गॅरेजसाठी अलीकडे कोणती हत्यारं घेतली, यावर चाललंय म्हणून माझी भर. सोलापुरात मधल्या मारुतीच्या बाजारातनं टापरिया कंपनीची आठ इंची पक्कड आणि एक गुण्या (सुताराचं काटकोन बघायचं हत्यार) आणला. पक्कडीचं काय सांगायचं, नाशिकचा माल, चालतंय की.

गुण्याचं मात्र ऐका. आधीचा स्वस्तात घेतला होता, त्यावर केलेला स्टूल अजून डुगडुगतोय. (बायको त्यावर पाहुण्यांना बसवत नाही.) यावेळी काउंटरवरच प्लायच्या सरळ कडेला लावून रेघ मारली, गुण्या उलटा करून त्याच टोकापासून दुसरी मारली. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर ९० अंश बरोबर. फट दिसली तर खरी चूक फटीच्या निम्मी. पहिले दोन नापास, दुकानदार वैतागला, तिसरा घेतला.

खरा आनंद मात्र भंगारातला. बंद पडलेल्या मागाच्या कारखान्यातनं निघालेला चार इंची शिकंजा (काम घट्ट धरून ठेवणारा व्हाइस) किलोच्या भावानं मिळाला. आटे गंजून जाम होते. दोन दिवस रॉकेलात बुडवला, तारेच्या ब्रशनं घासला, ग्रीस भरलं. आता दांडा एका बोटानं फिरतो.

पटाशी (लाकूड तासायची छिन्नी) अजून घ्यायचीय. लाकडी मुठीची चांगली कुठं मिळेल सोलापुरात?