आरफॅममधली ती रेघ
काहीजण विचारतात, आरएनएचे अनुक्रम (म्हणजे त्यातल्या अक्षरांच्या माळा) जनुकांच्या सार्वजनिक बँकांत आहेतच, मग आरफॅम हा आरएनए कुटुंबांचा डेटाबेस वेगळा कशाला पोसायचा? पोसायलाच हवा. आरएनएमध्ये अक्षरं (ए, यू, जी, सी) बदलतात, पण ती एकमेकांशी जुळून रेणूला पडणारी घडी टिकते. एका जिवात जिथे जी-सी जोडी, तिथे दुसऱ्यात ए-यू. नुसती अक्षरं जुळवून पाहिलं तर नातं हुकतं. म्हणून आरफॅममध्ये प्रत्येक कुटुंबाची, म्हणजे एकमेकांशी नातं असलेल्या आरएनएंच्या गटाची, आधी 'बीज' मांडणी करतात: मोजके, खात्रीचे अनुक्रम आणि कुठलं अक्षर कुणाशी जुळतं त्याच्या खुणा. त्यावरून इन्फर्नल हे सॉफ्टवेअर मॉडेल बांधतं आणि बाकीचे नातलग हुडकतं.

खरी मेहनत त्यानंतरची. मॉडेलशी किती जुळतं त्याच्या गुणांनुसार लागलेली यादी क्युरेटर (नोंदी तपासणारा तज्ज्ञ) वरून खाली वाचत जातो, आणि खरे नातलग संपून तोतये कुठे सुरू होतात ती रेघ स्वतः ठरवतो. प्रत्येक कुटुंबाची रेघ वेगळी. टीआरएनए (प्रथिनं बनताना अमिनो आम्लं आणून देणारा आरएनए) यापासून निघालेल्या निकामी प्रतींचे तर सस्तन प्राण्यांच्या जीनोममध्ये, म्हणजे संपूर्ण जनुकीय संचात, ढीग आहेत. रेघ जरा खाली सरकली की सगळा कचरा आत.

२००२ मध्ये इंग्लंडच्या सँगर इन्स्टिट्यूटमध्ये २५ कुटुंबांनी सुरुवात झाली, आज ४००० च्या वर आहेत. नवे जीनोम येत राहतात, जुन्या मांडण्या पुन्हा तपासाव्या लागतात. हे काम निधी देणाऱ्यांच्या नजरेत क्वचितच भरतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.