अनुभव धागा : रणांगणाच्या दोन बाजूंचे दोघं, आणि त्यांचं प्रेम पटेल असं कसं लिहायचं?

तरुण वाचकांसाठी फँटसी लिहिणारे, संपादन करणारे, हस्तलिखितं वाचून देणारे अशा सगळ्यांसाठी हा धागा. विषय एकच : युद्धात समोरासमोर असलेले दोघं प्रेमात पडतात, ती गोष्ट. सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणून महाभारताच्या आदिपर्वातले कच-देवयानी घेऊ या. काय जमतं, काय फसतं आणि का, ते नेमकं लिहा.

* * *

आधी भांडण कशावरून आहे ते ठरवा. देव-असुरांच्या युद्धात मेलेले असुर त्यांचे गुरू शुक्राचार्य संजीवनी विद्येने उठवतात आणि देवांचे गुरू बृहस्पती यांना ती विद्या येत नाही. वस्तू एक, तीही एकाच बाजूकडे, आणि तिच्यावाचून दुसरी बाजू संपणार. बृहस्पतींचा मुलगा कच ती आणायलाच शत्रूच्या घरी शिष्य म्हणून राहतो. देवांनी त्याला निघतानाच सांगितलेलं असतं, की शुक्राचार्यांच्या मुलीला, देवयानीला प्रसन्न कर. त्यामुळे त्याचं गाणं, त्याने आणलेली फुलं, सगळं दोन अर्थांनी वाचता येतं. हा दुहेरी अर्थ फार मोलाचा आहे, तो लवकर उलगडून टाकू नका.

पहिल्या खर्ड्यात बहुतेक वेळा 'दोन राज्यांत पिढ्यानपिढ्यांचं वैर' एवढंच असतं. पाण्यावरून? खिंडीवरून? मंत्रावरून? एक वाक्य लिहून टेबलासमोर चिकटवा : 'यांना अमुक मिळालं तर त्यांची माणसं मरतात.' हे वाक्य लिहिता येत नसेल तर तुमच्याकडे वैर नाही, गैरसमज आहे. गैरसमज एका संभाषणात मिटतो, म्हणून अशी कादंबरी मध्यावर ढेपाळते.

* * *

जादूच्या किमतीबद्दल. असुर कचाला तीनदा मारतात. पहिल्यांदा तुकडे करून लांडग्यांना घालतात, दुसऱ्यांदा वाटून लगदा करून समुद्रात मिसळतात, तिसऱ्यांदा जाळून राख मद्यातून खुद्द शुक्राचार्यांना पाजतात. पहिले दोन घात संजीवनीने निस्तरता येतात. तिसऱ्या वेळी कच बाहेर यायचा तर गुरूचं पोट फाडूनच, म्हणजे देवयानीला प्रियकर आणि बाप यांतला एक निवडायची वेळ येते. त्यातून सुटायला शुक्राचार्यांना विद्या कचाला शिकवावीच लागते, म्हणजे बाहेर आल्यावर तो गुरूला उठवील. जादूची किंमत अशी चढती ठेवा. दर वेळी तेवढ्याच थकव्यावर भागलं तर वाचक घाबरायचा थांबतो.

आणि कचाचं काही बरंवाईट झालंय हे देवयानीला कळतं कसं ते बघा. सूर्य मावळलाय, गाई गुराख्याशिवाय परत आल्यात, कच दिसत नाही. प्रेमाचा शब्दही नाही, तरी ती रोज त्याची वाट बघते हे कळलं.

* * *

मराठीत लिहिणाऱ्यांच्या हातात एक हत्यार आहे, ते वापरा : तू आणि तुम्ही. आपला 'तू' दोन्ही टोकांना असतो, तुच्छतेचा आणि जवळिकीचा. मधे 'तुम्ही'. म्हणून शत्रू ते प्रेमी हा प्रवास सर्वनामांवरच मांडता येतो. पहिल्या भेटीत 'तलवार टाक.' समोरच्याने शब्द पाळला, जखमीवर वार केला नाही, की 'तुम्ही'. मग कधीतरी बाण येताना तोंडून निसटतं, 'अरे, खाली वाक!' पुढच्याच वाक्यात नायिका परत 'तुम्ही'वर येते. निवेदनात यावर एक अक्षरही लिहू नका, वाचकाला ऐकू येतं. कायमचा 'तू' त्यानंतर बऱ्याच उशिरा, आणि चारचौघांत तरीही 'तुम्ही'च.

चूक होते ती क्रियापदांत. सर्वनाम बदलतं आणि 'आलास'चं 'आलात' करायचं राहतं. खर्ड्यावर शेवटचा हात फिरवताना तू, तुला, तुझ्या, तुम्ही असे शब्द शोधून प्रकरणवार तक्ता करा. दोन दिवस जातात, पण करा.

'मी तुझा तिरस्कार करते' असं भांडताना कोणी म्हणत नाही. 'तोंड बघायचं नाही मला तुझं' म्हणतात.

* * *

लढाईच्या बाजूने भर. बैलगाड्या बरोबर असतील तर सैन्य दिवसाला १५-२० किलोमीटर चालतं. घोड्याला दिवसाला ३०-४० लिटर पाणी आणि ८-१० किलो चारा-दाणा लागतो. हजार घोड्यांचा तळ म्हणजे रोज किमान ३०,००० लिटर, म्हणून दोन्ही तळ एकाच नदीला धरून असतात. दोघांना भेटवायला चमत्कार कशाला, पाणवठा आहे की.

मांडीवर खोल वार झाला तर टाके निघायला १०-१४ दिवस आणि पवित्रा घ्यायला आणखी काही आठवडे. ताप येऊ द्या, पू होऊ द्या. तिसऱ्या दिवशी नायक घोड्यावर बसला की सगळं खोटं वाटतं. शिवाय हेच आठवडे तुमच्या प्रेमकथेचे आहेत, ते वाया का घालवता?

* * *

कैदी आणि पहारेकरी ही जोडी असेल तर किल्ली कोणाकडे आहे ते प्रत्येक प्रसंगाच्या समासात लिहा. तिच्याकडे किल्ली असताना त्याने दिलेला होकार खरा मानता येत नाही. आधी किल्ली हातातून जायला हवी, त्याला पळून जायची खरी संधी मिळायला हवी, आणि चुंबन त्यानंतर. तरुण वाचकांसाठी लिहिताना यात सूट घेऊ नये. दोघंही किमान अठरा वर्षांचे ठेवा.

* * *

शेवटाबद्दल. देवयानी लग्नाचं विचारते. कच म्हणतो, तुझ्या बापाच्या पोटात राहून आलो, तू बहीण झालीस. ती शाप देते, तुझी विद्या तुला फळणार नाही. तो म्हणतो, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल, आणि तुला ऋषिपुत्र वरणार नाही. देवांना संजीवनी मिळते, म्हणजे युद्धाचा प्रश्न सुटतो. प्रेमाचा सुटत नाही. हे दोन निकाल वेगवेगळे ठरवायचे असतात. अनेक जण दोन्ही एकाच तहाच्या प्रसंगात उरकतात, आणि ज्या पाण्यासाठी माणसं मेली ते कोणाला मिळालं हेच राहून जातं. तहाची कलमं लिहून ठेवा, पुस्तकात छापली नाहीत तरी.

सुखान्त हवा असेल तर जरूर करा, पण दोघांनीही आपापल्या बाजूचं काहीतरी कायमचं गमावलेलं असू द्या. आणि ताटातूट करायची असेल तर वर सर्वनामांचं लिहिलंय तेच इथे वापरा. शेवटच्या भेटीत, जवळपास कोणी नसताना, ती त्याला पुन्हा 'तुम्ही' म्हणाली की पुढे रडणं लिहावं लागत नाही.